नळाला बांधलेला मोजा

होल्मसी, १० सप्टेंबर

प्रिय हेस्टर आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटरला तू हात लावत नाहीस, म्हणून कित्येक वर्षांनी कुणाला तरी कागदावर लिहिते आहे. अक्षर बिघडलं आहे, ते चालवून घे.

एक आठवडा झाला. चार दिवस शाळेत शिकवायचं, बुधवारी स्वतः शिकायला जायचं, असा वर्षाचा करार आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर माझं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘शिकाऊ शिक्षिका’. मुलांनी पहिल्या दिवशी तेवढंच वाचलं. भाषा विभागाचे मिस्टर ओकेंडन माझे मार्गदर्शक. ते मागच्या बाकावर बसून वहीत लिहीत असतात. त्यांचं पेन फिरायला लागलं की मी पुढचं वाक्य विसरते. एक डिसेंबरला माझी पाहणी आहे. ती बरी झाली नाही तर करार तिथेच संपतो. फेरीबोटींच्या कंपनीतली नोकरी सोडून आले आहे आणि माझ्यामागे त्यांनी ती जागाच बंद केली.

मला वाटलं होतं, फ्रेंच येणं पुरेल. हल शहराच्या बंदरात सात वर्षं मी बेल्जियन ट्रकवाल्यांच्या शिव्या फोनवर ऐकल्या आणि त्यांच्याच भाषेत परत केल्या. नववीच्या सव्वीस मुलांपुढे मात्र माझा आवाज फाटतो. ती दंगा करत नाहीत. दंगा परवडला असता. ती गप्प बसतात. किरन नावाचा एक आहे (मुलांची नावं बदलून लिहिते आहे, तसा नियमच आहे). त्याला म्हटलं, “एक वाक्य तरी बोल.” तो म्हणाला, “कुणाशी बोलू, मिस? समुद्रपक्ष्यांशी? ते चिप्स पळवतात, गप्पा मारत नाहीत.” सगळे हसले. मीही हसले. मग परत तीच शांतता.

‘माझं घर’ या विषयावर पाच वाक्यं लिहायला दिली. निम्म्या वह्या कोऱ्या आल्या. एक मुलगा टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “आमचं घर म्हणजे कॅरॅव्हॅन आहे, मिस. ते लिहायलाच हवं का?” मी त्याची वही तशीच ठेवून घेतली.

छत्तीस वर्षं तू हे कसं केलंस? रोज सकाळी फाटकाशी माझे पाय जड होतात.

तुझी
लोर्ना


रॉदरहॅम, १४ सप्टेंबर

लोर्ना,

पाय जड होतात ते बरं आहे. ज्यांचे होत नाहीत ते मुलांना तुडवत जातात.

आता नीट वाच. तू त्यांच्याकडे सत्य मागते आहेस. कोणत्या अधिकाराने? तेरा वर्षांच्या पोरानं भर वर्गात का सांगावं की बाप कुठे गेला, घराला चाकं का आहेत, रविवारी ताटात काय होतं? आणि तेही अशा भाषेत, जिच्यात त्याला धड पाणी मागता येत नाही? मीसुद्धा कोरीच वही दिली असती.

त्यांना खोटं बोलू दे. उद्याच फळ्यावर लिही: या वर्गात खरं सांगायला कुणीही बांधील नाही. आपण वाक्य तपासतो, माणूस तपासत नाही. माझ्या वर्गात खाणकामगारांची पोरं होती. एकाचा बाप जहाजाचा कप्तान होता, एकीच्या अंगणात जिराफ होता, एकाला अकरा आज्या होत्या आणि अकराही जणी तलवार चालवत. श्रीमंताच्या पोराला घराबाहेर पडायला विमान असतं. गरिबाच्या पोराला परकी भाषा असते. ती त्याच्या हातात दे आणि दारातून बाजूला हो. हॅरोगेटच्या सभागृहात चारशे शिक्षकांसमोर मी हे बोलले होते आणि चारशेही जण उभे राहिले होते. आजही हेच बोलेन.

मिस्टर ओकेंडनना लिहू दे काय लिहायचं ते. वहीत पेन फिरवून आजवर कुणी एकाही मुलाला बोलतं केलेलं नाही.

न्याहारी करून जात जा. रिकाम्या पोटी भीती दुप्पट होते.

हेस्टर आत्या


होल्मसी, १२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मधे नुसती दोन कार्डं टाकली, रागावू नकोस. आज सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही आहे.

तुझी युक्ती चालली. फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि दोन आठवड्यांत वर्ग बदलला. किरनचं घर आता समुद्री चाच्यांचं जहाज आहे, त्याची आई तोफा पुसते. कॅरॅव्हॅनवाल्या मुलानं आपल्या घराला पंख लावले. शब्दकोशावरून भांडणं होतात. गेल्या सोमवारी, सहा तारखेला, मिस्टर ओकेंडन तास बघायला बसले होते. नंतर म्हणाले, “बरं झालं. आता मला तुझी खोटी स्तुती लिहावी लागणार नाही.” ते याहून जास्त कुणालाच काही म्हणत नाहीत.

सगळ्यांत चांगलं एका मुलीनं लिहिलं. आपण तिला आयव्ही म्हणू. खिडकीशी बसते. सप्टेंबरभर तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. तिची फ्रेंच मोडकी आहे, पण कल्पना बघ. जसंच्या तसं उतरवते:

‘माझ्या घरात पाच खोल्या आहेत. माझी आवडती खोली बाथरूम, कारण तिला कडी आहे. शनिवारी आईचा मित्र येतो. शनिवारी मी आणि माझी बहीण बाथरूममध्ये राहतो. बहीण टबमध्ये झोपते. टब थंड असतो, म्हणून मी दोन उशा घालते. नळ टपकतो, म्हणून मी त्याला मोजा बांधते. मग आवाज येत नाही. आम्ही बिस्किटं खातो. आम्ही हसत नाही. सकाळी सात वाजता मी कडी काढते.’

मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. मोज्यावर सगळे खूप हसले. आयव्हीसुद्धा हसली, निदान मला तसं वाटलं. खाली हिरव्या पेनानं लिहिलं, ‘काय कल्पनाशक्ती आहे. क्रियापदांकडे लक्ष दे.’ (लाल शाई आता चालत नाही, मुलं दुखावतात म्हणतात.) आता ते बाहेरच्या भिंतीवर लावलं आहे, पताकांच्या खाली, अगदी मधोमध. गुरुवारी पालकसभा आहे, तेव्हा सगळे बघतील.

पाहणीची धास्ती आहेच. पण आत्या, परवा फाटकाशी माझे पाय थांबले नाहीत. ही तुझी देणगी.

लोर्ना


रॉदरहॅम, १४ नोव्हेंबर

लोर्ना,

तुझं पत्र आत्ता आलं. पोस्टाची पेटी साडेचारला उघडतात, म्हणून थोडक्यात लिहिते.

तो कागद भिंतीवरून काढ. तो घेऊन, तुमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचं काम ज्या कुणाकडे असेल त्यांच्याकडे जा. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी. चहा पिऊन झाल्यावर नाही, आधी.

मी छत्तीस वर्षं मुलांचं खोटं वाचलं आहे. खोटं बोलणारं मूल महाल बांधतं. जिराफ आणतं, तोफा आणतं, बापाला कप्तान करतं. आपल्या लहान बहिणीला थंड टबात झोपवून खाली उशा घालत नाही. आणि नळाला मोजा बांधणं हे कुणाला बसल्या जागी सुचत नाही. ते आधी करावं लागतं, आणि करावं लागतं कारण दाराबाहेर कुणीतरी कान देऊन उभं असतं.

मुलीला काही विचारू नकोस. आईला काही विचारू नकोस. फक्त जा.

हे.


होल्मसी, १९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. कागद लगेच भिंतीवरून काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला. अजून तिथेच आहे.

रागावण्याआधी ऐक. मी अजून कुणाकडे गेलेले नाही.

गुरुवारी, म्हणजे तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी, पालकसभा झाली. आयव्हीची आई आली होती. नीटनेटकी, दमलेली, बोलायला गोड. मला म्हणाली, “आमची पोरगी भिंतीवर? आमच्या घराण्यात असलं कुणी निघेल असं वाटलं नव्हतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण फोटो तर काढते. घरी दाखवायला.” आणि तिनं कागदाचा फोटो काढला. जिच्या घरात असलं काही चालतं ती बाई असा फोटो काढेल का?

दुसरं असं की शुक्रवारी आयव्हीनं नवा गृहपाठ दिला. विषय तोच, पण आधीपेक्षा मोठं लिहायचं होतं. तिनं उलट छोटंच लिहिलं: ‘माझं घर खूप मोठं आहे. आम्हाला पोहण्याचा तलाव आहे. आम्ही सगळे आनंदी आहोत. आमच्या घरात कुठल्याच दाराला कडी नाही.’ बघ, तीसुद्धा बाकीच्यांसारखी थापाच मारते. मला किती हायसं वाटलं ते सांगू शकत नाही. तास संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, “मिस, माझा कागद का काढला? चुकला होता का?” मी म्हटलं, “नाही गं, दुसऱ्यांनाही जागा द्यायला नको का?” ती बरं म्हणाली आणि गेली.

आता खरं काय ते लिहिते, कारण तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. त्या कागदावर माझ्या हिरव्या पेनानं तारीख आहे. सहा नोव्हेंबर. इथे पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं की असं काही दिसलं तर त्याच दिवशी, तासाभरात कळवायचं. मी ते वाचून दाखवलं, वर्गाला हसवलं, अकरा दिवस पताकांखाली टांगून ठेवलं. आता घेऊन गेले तर पहिला प्रश्न तारखेचाच असेल. पाहणीला बारा दिवस आहेत. आणि तू चुकत असलीस तर एका निर्दोष बाईच्या दारात माणसं पाठवल्याचं पापही माझ्याच माथी.

मी आठवडाभर तिच्यावर नजर ठेवते. काही वावगं दिसलं तर नक्की जाईन.

लोर्ना


रॉदरहॅम, २१ नोव्हेंबर

लोर्ना,

आमच्या घरात कुठल्याच दाराला कडी नाही.

हे वाक्य तू मला हायसं वाटलं म्हणून लिहून पाठवलंस. दहा वेळा वाच. आई फोटो घरी घेऊन गेली. माझ्या शेजारणीचा नातू म्हणतो, हल्लीचे फोन फोटोतली फ्रेंच वाचून इंग्रजी करून देतात. तू शिक्षिका आहेस, हे तुला माझ्याआधी ठाऊक असायला हवं. घरी कुणीतरी तो कागद वाचला आहे, बाई. कडी काढून टाकली आहे.

आता जे लिहिते आहे ते मी हॅरोगेटला बोलले नव्हते. कुठेच बोलले नाही.

चौऱ्याऐंशी साली खाणींचा संप चालू होता. मी शाळा सुटली की खाणीच्या फाटकापाशी भाषणं करायची. पेटीवर उभं राहून सगळ्या गावाच्या दुःखावर बोलायची. लोक रडायचे. त्या वर्षी तिसऱ्या बाकावर ॲलन नावाचा मुलगा बसायचा. त्यानं ‘माझा रविवार’ लिहिलं. त्यात तो कोळशाच्या कोठीत बसून शंभरपर्यंत फ्रेंच आकडे म्हणतो, कारण शंभर व्हायच्या आत बाप दमतो. मला ते फार आवडलं. आकडे बरोबर होते. मी दहापैकी नऊ दिले. एक गुण क्रियापदाचा कापला. मग फाटकावर जाऊन शोषणावर तासभर बोलले.

एप्रिलमध्ये तो शाळेत आला नाही. पुढेही आला नाही. काय झालं ते आमच्या गावच्या वर्तमानपत्रात चार ओळींत आलं होतं. त्याची वही माझ्या कपाटात आहे. एकोणचाळीस वर्षं झाली. मुलांना खोटं बोलू द्या, हे मी त्यानंतरही सांगत राहिले, कारण ते बरोबरच आहे. पण त्यापुढचं वाक्य मी गिळलं: आणि खोट्याच्या आडोशाला कुणी खरं सांगतंय का, हे डोळ्यांत तेल घालून बघा. ते वाक्य बोलले असते तर चारशे जणांपैकी एखाद्यानं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं?

तू नोकरीला भितेस. तारखेला भितेस. भी. पण कुणासाठी भ्यायचं ते निवड. ती मुलगी शनिवारला भिते आहे.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी तुझ्या शाळेच्या दारात असेन. रॉदरहॅमहून बस आहे, मग गाडी, मग परत बस. मी शहात्तर वर्षांची आहे, बहिरी आहे, आणि माझा आवाज लाऊडस्पीकरशिवाय खाणीच्या मैदानाच्या त्या टोकाला जायचा. त्याआधी तू गेलेली असलीस तर शेजारणीला फोन कर, तिच्याकडे निरोप ठेव, काहीही कर.

हेस्टर


होल्मसी, २८ नोव्हेंबर

आत्या,

शेजारणीकडे ठेवलेला निरोप मिळाला असेलच. तू सोमवारी आली नाहीस, म्हणजे मिळाला.

तुझं पत्र शनिवारी पावणेबाराला दारातून आत पडलं. शाळा बंद. फोटोचं वाचलं आणि तुझं खरं आहे हे कळलं. आमची मुलं रोज तेच करतात. पाठ्यपुस्तकावर फोन धरतात आणि फ्रेंचचं इंग्रजी होतं. मी दिवसातून चार वेळा ओरडते, फोन आत ठेवा म्हणून. आणि तिची आई माझ्यासमोर फोटो काढत होती तेव्हा मी तिला म्हणाले होते, “थोडं जवळून काढा, अक्षर नीट येईल.” हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

शनिवार होता. सोमवारपर्यंत थांबणं म्हणजे अजून एक शनिवार. मी नगरपरिषदेच्या बालसंरक्षणाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन केला. पस्तीस मिनिटं तिकडे संगीत वाजत होतं. मग एक बाई आली. मी कागद वाचून दाखवला. मोज्यापाशी आले आणि तेच वाक्य दोनदा वाचलं. ती म्हणाली, “सावकाश वाचा. मी लिहून घेते आहे.” नंतरचा दुसरा गृहपाठही वाचला. ती म्हणाली, “हा शेवटचा कधीचा?” मी सांगितलं. तिनं पत्ता विचारला आणि फोन ठेवला.

सोमवारी साडेसातला मिसेस प्रिबलच्या खोलीबाहेर उभी राहिले. आमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचं त्या पाहतात. ठेंगण्या, टेबलावर कायम अर्धा खाल्लेला टोस्ट. एक कबूल करते. त्या कागदाच्या ज्या कोपऱ्यावर तारीख होती तो कोपरा रविवारी मी बोटांत धरून बघितला होता. तो टाचणीनं थोडा फाटलेलाच होता. अजून थोडा फाटला असता तर कुणाला कळलं नसतं. मी फाडला नाही, पण बराच वेळ धरून बसले होते.

“कधी वाचलंत?” त्यांनी विचारलं.

“सहा तारखेला.”

“आज सत्तावीस आहे.”

“हो.”

“मधे काय झालं?”

“मी घाबरले होते.”

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मान वर केली नाही. शेवटी म्हणाल्या, “शनिवारी फोन केलात ते बरं झालं. याहून जास्त मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि तुम्ही विचारायचंही नाही.” मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, “टोस्ट खाणार का? तुमचा चेहरा पांढरा पडलाय.”

खिडकीजवळची जागा रिकामी आहे. हजेरी घेताना तिचं नाव येतं आणि सगळी मुलं माझ्याकडे बघतात. ती कुठे आहे, बहीण कुठे आहे, त्या शनिवारी माणसं वेळेत पोचली का, मला काहीच माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. एक डिसेंबरची पाहणी पुढे ढकलली आहे. का ते कुणी बोलत नाही.

लोर्ना


रॉदरहॅम, २ डिसेंबर

लोर्ना,

निरोप मिळाला. बॅग भरून दारात ठेवली होती, ती परत आत घेतली.

शाबासकी देणार नाही. एकवीस दिवस उशिरा गेलीस. मी एकोणचाळीस वर्षं गेलेच नाही, म्हणून तुला रागावायचा हक्कही मला नाही. काही कळत नसताना रोज त्या वर्गात उभं राहणं ही तुझी शिक्षा आहे, आणि तेच तुझं कामही आहे. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, वरची खोली रिकामी आहे. राहिली तर वह्या वाचताना पेन खाली ठेवून एकदा वाच. मग पेन उचल.

ॲलनची वही काल कपाटातून काढली. ती आता टेबलावर ठेवणार आहे.

आत्या


होल्मसी, २५ जानेवारी

प्रिय आत्या,

मुलांच्या जेवणाच्या मधल्या सुट्टीत आणि आता शाळा सुटल्यावर, असं तुकड्यातुकड्यानं हे लिहिते आहे.

मला ठेवलं. माझ्या नावावर एक लेखी ताकीद आहे, ती करार संपेपर्यंत राहील. पाहणी झाली. मिस्टर ओकेंडन म्हणाले, “मीही त्या दिवशी मागच्या बाकावर बसून तो मोजा ऐकला होता. मीही हसलो होतो. तेही मी लिहून दिलं आहे.” त्यांनी असं लिहून दिलंय हे मला माहीतच नव्हतं. ते पेन माझ्याविरुद्धच चाललंय असं मी इतके दिवस धरून बसले होते.

आयव्ही परत आली. सहा आठवड्यांनी. केस कापले आहेत, बॅग नवी आहे, आणि आता दुसऱ्या बसनं येते, आजीच्या गावाहून. एवढंच मला कळलं आहे, तेही बसमुळे. पहिला आठवडा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या गुरुवारी तास संपल्यावर थांबली. खुर्ची नीट आत सरकवली आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्हाला फ्रेंच येते, मिस.”

आत्या, तिनं ते घरच्यांना कळू नये म्हणून फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, आणि मला कळावं म्हणून माझ्या गृहपाठात. शाळेत उघडेल असं तिला वाटलेलं ते एकच दार होतं. मी ते वाचून सव्वीस जणांना हसवलं. मी म्हटलं, “मला माफ कर.” ती म्हणाली, “ठीक आहे.” ठीक नव्हतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी फळ्यावरचं वाक्य पुसलं नाही. खोटं बोलायची मुभा अजून आहे. पण मिसेस प्रिबलना विचारून खाली एक नियम वाढवला: जे लिहिलं ते खरं असेल आणि मी ते खरं म्हणून वाचावं असं वाटत असेल, तर शेवटच्या वाक्याखाली एक रेष ओढा. मी काय करीन तेही आधीच सांगितलं. मी ते एकटी ठेवून घेणार नाही, मदत करू शकेल अशा माणसाकडे नेईन. किरन म्हणाला, “म्हणजे माझं जहाज खोटं आहे हे तुम्हाला कळलं म्हणायचं.” सगळे हसले आणि मलाही बरं वाटलं.

आज पहिल्यांदा त्या नियमाखालच्या सव्वीस वह्या आल्या आहेत. वर्ग रिकामा आहे, खिडकीवर वारा आपटतो आहे, आणि मला सप्टेंबरपेक्षा जास्त भीती वाटते आहे. पेन खाली ठेवलं आहे. वाचते आणि तुला लिहिते.

पहिल्या पाच वह्यांना रेष नाही. विमानतळ, बोलणारी मांजर, तळघरात सोनं. सहावीला आहे. ‘आमचा कुत्रा ख्रिसमसला मेला. बाबा म्हणतात, रडू नकोस.’ खाली रेष. याच्याशी उद्या बोलते. सातवी, आठवी, काही नाही.

नववी आयव्हीची. ‘आता माझ्या खोलीला दार आहे. त्याला कडी आहे. मी दार उघडं ठेवते. बहीण घोरते.’ खाली रेष, पट्टीनं ओढलेली. क्रियापदाच्या दोन चुका आहेत. मी त्या तशाच ठेवते आहे.

दहावी किरनची.

आज जहाज नाही, चाचे नाहीत. चारच वाक्यं आहेत, आणि खाली रेष आहे. तिच्यावरून पेन इतक्या वेळा फिरलंय की कागद फाटला आहे.

घड्याळात पावणेचार झाले आहेत. मिसेस प्रिबल चारला निघतात. वही घेऊन जाते.